डाव्या हाताची सफरचंदं

त्या खेळाची एक ट्यून होती. टिंग टिंग टिडिंग, आणि मग कोणीतरी बाई इंग्रजीत किंचाळायची, "वंडरफुल!" आमच्या शेजारणीने आता मोबाइलला जी रिंगटोन लावलीय ती साधारण तशीच आहे. ती वाजली की मला जागेवर बसवत नाही. परवा हातातलं काम टाकून मी उठले आणि खिडकी लावून घेतली. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय गं, आवाज होतोय का?" म्हटलं, "नाही गं, डास येतात." भर दुपारी बारा वाजता कसले डोंबलाचे डास! पण तिला काय सांगणार होते.

मी ब्लाऊज शिवते. कळव्याला आमच्या घरातच, पुढच्या खोलीत मशीन आहे. वीस वर्षं झाली. बाई दारातून आत आली की टेप लावायच्या आधी मला कळतं, ही कुठल्या खांद्याला पर्स लावते, हिने पोर कुठल्या कडेवर वाढवलं. कोणाचा उजवा खांदा पडलेला असतो, कोणाला पोक असतं. तोंडाने सांगत नाहीत, पण अंग सांगतं. मी तेवढं झाकते. पडलेल्या खांद्यात आतून कापडाची छोटी गादी घातली की बाई आरशात सरळ दिसते आणि खूश होऊन जाते. या माझ्या नजरेची मला फार घमेंड होती.

माझी मुलगी जन्मापासून डाव्या बाजूने कडक आहे. बाळंतपणाच्या वेळी मेंदूला इजा झाली म्हणाले. पाय जरासा ओढते, पण चालते, पळते, जिने चढते, आणि तोंडाने तर आख्ख्या बिल्डिंगला ऐकत नाही. हात मात्र कोपरात दुमडलेला, मनगट खाली वळलेलं, अंगठा मुठीत. ती सहा वर्षांची असताना मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेलं. म्हणाले, "हाड वाढतं त्या वेगाने तिचे स्नायू वाढत नाहीत. ती उंच होईल तसा हात आवळत जाणार. आत्ता रोज ताणलात, रोज वापरायला लावलात, तर हा हात उजव्याच्या मदतीला येईल. नाहीतर नुसता अंगाला राहील." एवढं साफ सांगितलेलं. आम्हाला समजलं नाही असं म्हणायला जागाच नाही.

मग रोज सकाळी शाळेच्या आधी पाऊण तास. कोपर धरून हळूहळू सरळ करायचं, मनगट मागे न्यायचं, वीस आकडे मोजायचे, सोडायचं. मग ताटातले राजमे डाव्या हाताने उचलून वाटीत टाकायचे. कार्टी रडायची, लाथा मारायची, म्हणायची, "तू घाणेरडी आई आहेस." एकदा कडकडून चावली. मीही धपाटे घातलेत, खोटं कशाला बोलू. मी पिठाचे हात धुऊन चटई टाकायला आले की ती पलंगाखाली जाऊन बसायची. आपल्याला बघून पोटची पोर लपते, हे रोज सकाळी बघायला लागायचं.

नौपाड्यातल्या त्या सेंटरबद्दल आमच्या मिस्टरांना ऑफिसात कोणीतरी सांगितलं. खाली चष्म्याचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर हे. एसी, भिंतीवर ढग रंगवलेले, चपला बाहेर काढायच्या. तिथे मला नाव नव्हतं. "मम्मा, इथे सही करा. मम्मा, बाजूला थांबा. मम्मा, बेबी आज कशी आहे?" सेंटरच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि मी त्यांची मम्मा. तेव्हा मला ते गोड वाटलेलं! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आतल्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही होता आणि त्याच्याखाली एक काळी पट्टी, तिच्यात कॅमेरा. मूल समोर उभं राहिलं की पडद्यावर एक कार्टून उभं राहायचं आणि मूल हलेल तसं हलायचं. हातात काही धरायचं नाही, अंगाला वायर नाही. पडद्यावर झाड, झाडाला सफरचंदं. मशीनमध्ये 'डावा हात' असं सेटिंग लावलं की फक्त डाव्या हाताने पोचलेलं सफरचंद टोपलीत पडायचं. पडलं की ती ट्यून, ती किंचाळणारी बाई, आणि वर कोपऱ्यात आकडा.

पहिल्या दिवशी माझी मुलगी हसली. व्यायाम करताना! डावा हात स्वतःहून वर करत होती आणि हसत होती. मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन पदर तोंडात कोंबून रडले. मॅडम म्हणाल्या, "मम्मा, एका सेशनमध्ये दोनशे वेळा हात उचलते ती. घरी उचलेल का?" घरी ती वीस वेळाही उचलत नव्हती. मला वाटलं, सुटलो बाई. खरं सांगते, मुलगी बरी होणार याचा आनंद नंतर झाला. आधी झाला तो या गोष्टीचा, की उद्यापासून मला सकाळी तिच्याशी झोंबायला नको.

दोन आठवड्यांत घरचे व्यायाम बंद पडले. कोणी बंद करा म्हणालं नाही, आपोआप पडले. शाळा सुटली की बस पकडून खाडीपलीकडे नौपाड्यात जायचं, अर्धा तास खेळायचं, घरी यायचं. राजम्याची वाटी मी परत डब्यात ओतून टाकली आणि एका रविवारी त्याच राजम्याची उसळ केली. मुलीने दोनदा मागून खाल्ली.

मग सुरू झाला तो ग्रुप. मोबाइलवर सगळ्या आईबापांचा. दर शनिवारी मॅडम आकडे टाकायच्या. कोणी किती सफरचंदं काढली, पहिला कोण, दुसरा कोण. त्याच्या खाली टाळ्यांचे हात, बदाम, फुगे. आपली माणसं कशी आहेत माहितीये ना? कुठेही आकडा दिसला की त्याचा पहिला नंबर शोधणार. आमच्यात बारशाला बाळाचं वजन विचारतात आणि शेजारणीच्या बाळाशी लावून बघतात. मग इथे तर आयता निकालच लागत होता. शनिवारी संध्याकाळी मी मशीनवर बसलेली असले तरी एक डोळा मोबाइलवर. मिस्टर गावाकडच्या सगळ्यांना आकडे पाठवायचे. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "अगो, पयली आली काय?" हाताचं कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्या एका बाईंचा मुलगा सुरुवातीला कायम पहिला असायचा. त्याचे दोन्ही पाय अधू होते, पण हात बरे होते, म्हणून सफरचंदं जास्त. एवढं साधं मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी त्याचा आकडा बघितला की माझा जळफळाट व्हायचा. एकदा तो तापाने दोन आठवडे आला नाही. मी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकून "लवकर बरा हो बाळा" लिहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, आता आमचा नंबर लागेल. शी! अधू पोराच्या तापावर मी टपून बसलेले. त्या आठवड्यात माझी मुलगी पहिली आली आणि मी पेढे वाटले. तेव्हापासून पहिला नंबर तिने सोडला नाही.

सेंटरमध्ये आम्ही आया भिंतीला टेकून ओळीने बसायचो. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. कोणाचंही मूल खेळत असो, नजर सफरचंदांवर आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर. मी तर बसल्या जागेवरून ओरडायचे, "अगं वर, वर! ते लाल बघ, वरचं! उचल, उचल, उचल! हां, घे!" सफरचंद पडलं की टाळ्या. मॅडमनी ठेवलेली एक बाई रिमोट घेऊन उभी असायची, तीही टीव्हीकडेच बघायची. मॅडम आपल्या केबिनमध्ये. पोर आमच्याकडे पाठ करून उभी. चार महिने हे चाललेलं.

मग वार्षिक मेळाव्याची नोटीस आली. हॉल घेतलेला, कोणी मोठे पाहुणे येणार, शेवटच्या तीन महिन्यांच्या आकड्यांवरून पहिला नंबर काढून ट्रॉफी देणार आणि त्या मुलाने सगळ्यांसमोर खेळून दाखवायचं. पहिला नंबर आमचा. मी ठरवलं, फ्रॉक असा शिवायचा की लोकांनी विचारलं पाहिजे कुठून घेतला.

पिस्ता रंगाचं सॅटिन आणलं. दुपारी तिला समोर उभी करून मापं घेतली. आता ऐका. मी मापं घेतली. खांद्यापासून कमरेपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे सारखं येईना. डावा खांदा वर चढलेला, उजवी बाजू कमरेवर दुमडल्यासारखी. मी म्हटलं, "अगं, नीट उभी राहा की." ती म्हणाली, "नीटच उभी आहे." म्हटलं, चुळबुळ करत असेल. फ्रॉक शिवून अंगात घातला तर खालची कड डावीकडे दोन बोटं वर. आणि बाही! मागच्या दिवाळीला लांब अरुंद बाहीचा ड्रेस शिवलेला, तेव्हा डावा हात ओढून का होईना पण आत गेलेला. आता कोपर सरळच होईना. बाहीत हात अडकून बसला आणि ती कळवळली, "आई, दुखतंय!"

वीस वर्षं बायकांची अंगं वाचणारी मी. दुसऱ्या कोणाची पोर असती तर मी एका नजरेत सांगितलं असतं, बाई, तुझ्या पोरीचं अंग एका बाजूला चाललंय, हात आवळलाय. आणि मी काय केलं? मी बाही उसवली. घेर वाढवून फुग्याची बाही केली, हल्ली फॅशन आहेच म्हटलं. उजव्या खांद्यात गादी घातली. डावीकडची कड उसवून दोन बोटं खाली सोडली. परत घातला, लांब उभी राहून बघितलं. एकदम सरळ! मिस्टर म्हणाले, "काय फिटिंग आलंय!" मला त्या दुपारी काहीही खटकलं नाही. उलट आपल्या हातच्या कामावर मीच खूश होते.

मेळाव्याच्या दिवशी बस लवकर मिळाली नाही म्हणून आम्ही उशिरा पोचलो. तिला स्टेजच्या मागे नेलं. पुढच्या खुर्च्या भरलेल्या. मला जागा मिळाली ती अगदी कडेला, स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या खोक्याजवळ. तिथून टीव्हीची फक्त पाठ दिसत होती, काळी, वायरी लोंबणारी. पाहुण्यांचं भाषण झालं. म्हणाले, दिव्यांग मुलं म्हणजे देवाची फुलं, आणि घड्याळ बघितलं. मग माझ्या मुलीचं नाव पुकारलं आणि खेळ चालू झाला.

मला पडदा दिसत नव्हता. झाड दिसत नव्हतं, सफरचंद दिसत नव्हतं, आकडा दिसत नव्हता. चार महिन्यांत पहिल्यांदा मला फक्त माझी मुलगी दिसत होती.

ट्यून वाजली की ती उजवीकडे वाकायची. कमरेतून, पार बरगड्या मुडपून, उजवा गुडघा वाकवून. आख्खं अंग कलंडलं की डावा खांदा कानाला टेकायचा आणि खांद्याबरोबर तो दुमडलेला हात आपोआप वर जायचा. कोपर उघडतच नव्हतं. मूठ उघडत नव्हती. हात तिने उचललाच नव्हता! हात अंगाला चिकटून बसलेला आणि अंगच कलंडत होतं. टिंग टिंग टिडिंग, वंडरफुल. परत वाकली. परत. दातओठ खाऊन, मानेच्या शिरा ताणून. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं, की डावी मूठ अमुक उंचीला पोचली. हॉल टाळ्यांनी दणाणला. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. फ्रॉक मात्र अंगावर अगदी नीट बसलेला.

मीही टाळ्या वाजवत होते. हे मला नंतर कळलं, माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, संपलं." माझे हात थांबले नव्हते. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि बेसिनमध्ये ओकले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, ते सगळं आलं.

ट्रॉफी घेऊन ती धावत आली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "छान."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "ती वाकून करते. हात उचलतच नाही." मॅडम जराही गडबडल्या नाहीत. फाइल काढली. तिच्यात एक कागद होता. घरी रोज ताणण्याचे व्यायाम चालू ठेवणे, खेळताना मुलीला स्टुलावर बसवून छातीला पट्टा बांधणे. खाली माझी सही. मग मॅडम हसून म्हणाल्या, "पट्टा आम्ही लावत होतो, मम्मा. तुम्हीच काढायला सांगितलात."

आता हे सांगायलाच लागेल. पहिला दिवस नुसता खेळून बघायचा होता, मग आठवडाभर पट्टा होता. निळा, रुंद, स्टुलाच्या पाठीला अडकवलेला. पट्टा बांधला की तिला वाकता यायचं नाही, सफरचंदं मिळायची नाहीत, एका खेळाचा आकडा अकरा-बारावर अडायचा आणि ती रडायला लागायची. मीच रिमोटवाल्या बाईला म्हटलेलं, "अहो, पट्टा नको, तिला काचतो. सोडून बघा ना जरा." सोडला. आकडा चाळीसवर गेला. मग कोणीच परत बांधला नाही. मॅडमना हे ठाऊक होतं. पट्टा काढलेला त्यांनी बघितला होता आणि त्या गप्प राहिल्या, कारण चढता आकडा त्यांनाही हवाच होता. मेळाव्यात दाखवायला तोच होता ना! हसत हसत माझ्यावर ढकलून मोकळ्या झाल्या. मला त्या बाईच्या हसण्याची किळस आली, आणि मी तिला काही बोलू शकत नव्हते, कारण सही माझी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. दार न आपटता बाहेर आले.

डोंबिवलीला एक रिटायर झालेल्या फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, तळमजल्यावर दोन खोल्यांत काम करतात. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पत्ता दिला. ढग नाहीत, एसी नाही, एक लाकडी बाक आणि एक स्टूल. बाईंनी माझ्याशी बोलायच्या आधी मुलीला नुसती उभी केली आणि तिच्याभोवती फिरून बघितलं, पुढून, मागून, बाजूने. मी गिऱ्हाइकाला बघते तसं. मग स्टुलावर बसवली, तिच्या उजव्या बरगडीवर आपला तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "आता उचल बाळ, डावा."

हात मांडीवरून चार बोटं उठला आणि थांबला. ती वाकायला गेली. बाईंचा तळहात हलला नाही. ती परत वाकायला गेली, मग माझ्याकडे बघून रडायला लागली.

बाईंनी कोपर मोजलं, मनगट मोजलं. जुने कागद बघितले. म्हणाल्या, "दोन्ही आवळलेत. वर्षापूर्वी जेवढं उघडत होतं तेवढं आता उघडत नाही. मी हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. प्लास्टर घालून दर आठवड्याला थोडं थोडं सरळ करतील. तेवढ्याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर ऑपरेशनचं बोलतील."

मी सेंटरला शिव्या घालायला लागले. मशीन कसलं भिकार आहे, लोक कसे लुच्चे आहेत. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मशीन वाईट नाही हो. मीही वापरलं आहे. पट्टा बांधून, समोर बसून. मुलं खुशीने करतात. पण मशीनला मूठ कुठे आहे तेवढंच कळतं. ती तिथे कशी आली हे माणसाने बघायचं असतं. तुम्ही कुठे होतात त्या वेळी?"

म्हटलं, "तिथेच होते."

नाचता येईना अंगण वाकडं, तसा सगळा दोष मशीनला देऊन, पट्टा मीच सोडायला लावला हे न सांगता मी परत आले. आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही. मिस्टरांनाही नाही.

प्लास्टर पाच आठवडे होतं. खांद्याखालपासून बोटांपर्यंत, दर आठवड्याला उकाड्यात डोंबिवलीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, काढायचं, ताणायचं, नवीन घालायचं. ताणताना ती किंचाळायची आणि मी तिचे पाय धरून बसायचे. आतून वास मारायचा, खाज यायची, ती विणायच्या सुईने खाजवायची. ग्रुपवर शनिवारचे आकडे येतच होते. घोडबंदरच्या बाईंनी लिहिलेलं, "चॅम्पियन कुठे आहे आमची?" मी ग्रुप सोडला.

प्लास्टरच्या दिवसांत एका दुपारी ती माझ्या मशीनशेजारी बसून उजव्या हाताने चित्र रंगवत होती. मी न राहवून विचारलं, "तुला कळत होतं का गं, तू वाकतेस ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस मला?"

तिने मान वर केली नाही. "सरळ उभं राहिलं की सफरचंद मिळत नव्हतं. मग तू उचल, उचल करायचीस. वाकलं की मिळायचं, आणि तू हसायचीस." मग हिरवा खडू शोधता शोधता म्हणाली, "आणि घरी पण हात ओढत नव्हतीस ना तेव्हा."

मी मशीनचं पॅडल मारायला सुरुवात केली. सुईत दोरा नव्हता.

प्लास्टर निघालं. कोपर बरंच उघडलं, मनगट थोडंसंच. ऑपरेशनचं अजून बोललेले नाहीत, पण नाही असंही म्हणालेले नाहीत. डोंबिवलीच्या बाईंनी घरी करायला एकच गोष्ट दिली. स्टुलावर बसवायची, तिच्या उजव्या बरगडीवर हात ठेवायचा आणि तिला डावा हात उचलायला सांगायचं, जेवढा येईल तेवढा. दहा वेळा. म्हणाल्या, "खरे दहा पुरेत. ओरडू नका, मोजू नका. आणि तोंडावर काही दाखवू नका."

पहिल्या दिवशी मी पुढच्या खोलीत स्टूल ठेवलं. टीव्ही बंद केला, मोबाइल आत ठेवला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, उजव्या बरगडीवर तळहात टेकवला. म्हटलं, "उचल सोन्या. सावकाश."

हात उठला. खरंच उठला, नुसता हात, खांदा जागेवर. पोटाच्या वर आला, थरथरला, छातीपाशी येऊन अडला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, किती झालं ते बघायला. मी तोंड अगदी दगडासारखं ठेवलेलं, असं मला वाटत होतं. पण 'एवढंच का?' असं माझ्या मनात आलं असणार, आणि ते तोंडावर दिसलं असणार. कारण तिने पटकन दात दाबले आणि माझ्या तळहाताखाली तिच्या बरगड्या हळूच उजवीकडे सरकायला लागल्या.